कीर्द, खतावणी आणि हजारो हातांचे यंत्र

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मुक्ताईनगर येथील एका स्नेह्यांच्या आडत दुकानी वहीपूजनासाठी गेलो होतो. पूजा आटोपली, फराळाचे ताट समोर आले, आणि शेठजींनी एक कागद माझ्या हाती दिला. संगणक विक्रेत्याचे ते दरपत्रक होते. किंमत एक लाख साठ हजार रुपये, आणि त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डाची. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाला ते यंत्र हवे होते. विक्रेत्याने शेठजींना असेही सांगितले होते की, त्याच यंत्रावर दुकानाचा हिशेब पाचपट वेगाने होईल. "साहेब, आयुष्यभर तुम्ही लोकांची कर्जप्रकरणे तपासलीत. हेही एक प्रकरण तपासा," शेठजी म्हणाले.

मी कागदावर नजर टाकली आणि लगेच शेरा देऊन मोकळा झालो. "हे खेळ खेळण्याचे कार्ड आहे. शिक्षणाला आणि हिशेबाला याची गरज नाही." नातू जवळच उभा होता. त्याने वाद घातला नाही, तो नुसता खाली मान घालून आत गेला. घरी परतल्यावर मला माझेच वागणे खटकू लागले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अर्जदाराचे म्हणणे ऐकल्यावाचून मी एकही अर्ज नामंजूर केला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घरी बोलावले. पुढले चार दिवस तो शिक्षक झाला आणि मी विद्यार्थी. आपल्या समाजातील अनेक घरांत आज असेच दरपत्रक येऊन पडलेले असेल, म्हणून त्या चार दिवसांत जे उमगले ते वाचकांपुढे मांडत आहे.

टोकन, लेजर आणि कॅशियर

संगणकाचा प्रोसेसर काम कसे करतो, हे मला समजले ते आमच्या जुन्या बँकेच्या काउंटरवरून. ज्या वाचकांनी पितळी टोकन हातात घेऊन बाकावर वाट पाहिली आहे, त्यांना ते दृश्य आठवेल. धनादेश आधी लेजर कीपरकडे जाई, तो खात्यात नोंद करी. मग पासिंग ऑफिसर सही ताडून पाही. शेवटी कॅशियर टोकन पुकारून रोकड देई. प्रत्येकाला दोन मिनिटे लागत असतील, तर एका धनादेशाला सहा मिनिटे लागत. पण पहिला धनादेश कॅशियरकडे असताना दुसरा ऑफिसरच्या टेबलावर आणि तिसरा लेजरवर असे. त्यामुळे काम सुरू झाल्यावर दर दोन मिनिटांनी एक ग्राहक पैसे घेऊन बाहेर पडे. प्रोसेसरमध्येही आज्ञा वाचणे, तिचा अर्थ लावणे, गणित करणे आणि उत्तर लिहिणे असे टप्पे असतात, आणि एकाच वेळी अनेक आज्ञा वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. समांतर कामाची ही पहिली पायरी.

मग प्रश्न पडतो की, त्याच काउंटरवरची माणसे अधिक चपळ करून भागणार नाही का? संगणक बनविणाऱ्यांनी कित्येक वर्षे हेच केले. प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग वाढत वाढत २००४ साली पेंटियम ४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांवर पोहोचला. तेथे उष्णता आडवी आली. वेग आणखी वाढवावा तर चकती इतकी तापे की तिला थंड ठेवणेच परवडेना. अंतरही आता क्षुल्लक राहिले नव्हते. सेकंदाला ३०० कोटी ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांच्या दरम्यान प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो. म्हणून २००५ च्या सुमारास कंपन्यांनी मार्ग बदलला. एकाच चकतीवर दोन, मग चार, मग आठ प्रोसेसर बसविले जाऊ लागले. त्यांनाच आपण कोअर म्हणतो. बँकेच्या भाषेत, एकाच काउंटरवर घाई करण्याऐवजी काउंटरांची संख्या वाढविण्यात आली.

सहामाही व्याजाची रात्र

ग्राफिक्स कार्डाचे तत्त्व मात्र निराळे आहे. ते समजावे म्हणून मी त्या मुलाला १९८४ सालच्या जूनअखेरीची हकीगत सांगितली. तेव्हा बचत खात्यावर ५ टक्के व्याज होते. दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक घ्यायची, सहा महिन्यांच्या अशा शिलकांची बेरीज करायची, तिला ५ ने गुणून १,२०० ने भागायचे. खाती हजारोंच्या संख्येने असत. संध्याकाळी कामकाज संपले की मॅनेजर साहेब लेजर वाटून देत. सूत्र एकच, ते सर्वांना एकदाच सांगितलेले. प्रत्येकाचे लेजर मात्र वेगळे. माझ्या खात्याचे व्याज काढण्यासाठी शेजारच्या टेबलावर काय उत्तर आले, हे विचारण्याची कुणालाच गरज नसे.

मुलगा हसून म्हणाला, "आजोबा, तुमची शाखा त्या रात्री ग्राफिक्स कार्डच झाली होती!"

संगणकाचा पडदा साधारणपणे १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचा असतो. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे प्रत्येक सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. या ठिपक्याच्या रंगाला त्या ठिपक्याच्या उत्तरासाठी थांबावे लागत नाही. साधा प्रोसेसर म्हणजे मोजकेच पण हरहुन्नरी अधिकारी. ग्राफिक्स चिप म्हणजे एकच सूत्र गिरविणारे हजारो कारकून. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली आणलेल्या जीफोर्स २५६ या चिपपासून 'जीपीयू' हे नाव रूढ झाले. २००६ साली त्याच कंपनीने कुडा ही प्रणाली जाहीर केली, आणि चित्रांसाठी घडविलेल्या या चिपवर इतर गणितेही सहजतेने करता येऊ लागली. २०२० च्या ए१०० या चिपमध्ये असे ६,९१२ गणनाघटक आहेत.

आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा बोलबाला आहे, तिच्या पोटातले गणित तर आपल्या रोजच्या परिचयाचे निघाले. नग गुणिले दर, आणि सर्व ओळींची बेरीज. प्रत्येक व्यापारी बिल करताना हेच करतो. यंत्राला छायाचित्र ओळखायचे असो की वाक्य रचायचे असो, अशी अब्जावधी 'बिले' एकदम करावी लागतात, आणि एका बिलाला बहुधा शेजारच्या बिलाची वाट पाहावी लागत नाही. ज्या चिपा खेळांसाठी घडविल्या गेल्या, त्याच या कामाला उपयोगी का पडल्या, हे येथे स्पष्ट होते.

या कारकुनांना एक मर्यादाही आहे. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या बचत खात्यांना आम्ही एक टक्का जादा व्याज देत असू. एनव्हिडियाच्या चिपमध्ये गणनाघटक ३२-३२ च्या गटाने एकच आज्ञा पाळतात. गटातील दोन खात्यांना वेगळा नियम लागला, तर त्या दोघांचे काम होईपर्यंत उरलेले तीस हात बांधून उभे राहतात, आणि तीस जणांच्या कामाच्या वेळी ते दोघे. ज्या कामात पावलोपावली 'असे असेल तर हे, तसे असेल तर ते' असते, तेथे हा फौजफाटा निम्माअधिक रिकामाच बसतो.

पुण्याचा परम

अनेक साध्या हातांकडून थोर काम करून घेण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक मिळाला, तोही कडक अटींवर. त्याहून समर्थ यंत्र देण्यास मात्र नकार मिळाला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तीन वर्षांत स्वदेशी महासंगणक उभारण्याचे काम तिच्यावर सोपविण्यात आले. संस्थेचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. ते आपले शेजारीच म्हणायचे. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अकोला जिल्ह्यातले मूर्तिजापूर लागते, त्या तालुक्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव.

एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याची साधने देशात नव्हती. म्हणून या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाच्या इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीच्या चिपा घेतल्या. प्रत्येक चिपेला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. अशा ६४ चिपा जोडून १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. चिपा बाजारात मिळत होत्या. काम कसे वाटायचे, आणि वाटलेल्या तुकड्यांनी एकमेकांशी किती व केव्हा बोलायचे, ही विद्या मात्र आपल्या अभियंत्यांनी स्वतः कमावली. त्याच मालिकेतील 'परम सिद्धी-एआय' या यंत्रात आज एनव्हिडियाच्या ए१०० चिपा आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत त्याचा क्रमांक ६३ वा होता.

याचा आपल्या खानदेशाशी संबंध काय, असे कुणी विचारील. रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या केळीबागा उन्हाळ्याअखेरच्या एका वादळात आडव्या होतात, आणि बागाईतदाराबरोबर त्याला उचल देणारा व्यापारीही बसतो. हवामानाचा अंदाज वर्तविण्यासाठी वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळा प्रोसेसर करतो आणि फक्त सीमेवरचे आकडे शेजाऱ्याला कळवितो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये 'अर्का' हा महासंगणक कार्यान्वित झाला, आणि तेथे विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. पूर्वी जागतिक अंदाजाचे तुकडे १२ किलोमीटरचे असत, आता ते ६ किलोमीटरचे आहेत. तुकड्याची बाजू निम्मी केली की तुकडे चौपट होतात आणि काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. गणित सुमारे आठपट वाढते. ते अंदाजाची वेळ टळण्याआधी पुरे व्हायचे, तर हजारो हात हवेतच.

हात वाढवूनही काम का वाढत नाही

तरीही हातांच्या संख्येने भुलून जाण्यात अर्थ नाही. आमच्या सहामाही व्याजाचे एकूण काम १०० तासांचे धरू. त्यातले ९० तास कारकुनांत वाटता येतात. उरलेले १० तास एकाच अधिकाऱ्याने साऱ्या बेरजा जुळवून जनरल लेजरशी ताळा घालण्याचे. नऊ कारकून लावले तर १० अधिक १०, म्हणजे २० तासांत काम संपते, वेग पाचपट. नव्वद कारकून लावले तर १ अधिक १०, म्हणजे ११ तास. कारकून दसपट झाले, पण वेग पाचपटीवरून नऊपटीवर गेला, इतकेच. साऱ्या जिल्ह्याचे कारकून आणून बसविले तरी तो दसपटीपुढे जाणार नाही. जीन अ‍ॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ साली हाच नियम संगणकांना लावून दाखविला.

दुसरी अडचण आम्ही एकदा अनुभवली आहे. गर्दीच्या दिवशी एका खात्याची नोंद दोघांनी एकाच वेळी हाती घेतली. शिल्लक ४,००० रुपये होती, ती दोघांनीही वाचून घेतली. एकाने १,००० जमा धरून ५,००० चा आकडा केला. दुसऱ्याने ५०० वजा करून ३,५०० केला आणि तो शेवटी लेजरात चढला. खरी शिल्लक ४,५०० असायला हवी होती. खातेदाराचे हजार रुपये कागदावरून नाहीसे झाले, आणि ताळा जुळेना म्हणून आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. संगणकातही नेमकी हीच चूक होऊ शकते. उपाय तोच: एक पान एका वेळी एकाच्याच हाती. मात्र असे कुलूप लावले की बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबणे आले की समांतर कामाचा लाभ घटतो.

तिसरी गोष्ट लेजर आणून देणाऱ्या शिपायाची. कारकून कितीही चपळ असला, तरी स्ट्राँगरूममधून लेजर येईपर्यंत तो काय करणार? चिपेचे गणित झपाट्याने होते, पण स्मृतीतून आकडे यायला त्यामानाने फार वेळ लागतो. प्रोसेसर नेहमी लागणारे आकडे टेबलावरच, म्हणजे कॅशमध्ये ठेवतो. ग्राफिक्स चिप एका गटाचे आकडे वाटेवर असताना दुसऱ्या गटाचे काम हाती घेते.

शिलकेचा धडा

एवढे ऐकल्यावर मला वाटले की विषय आपल्या मुठीत आला. मी मुलाला म्हणालो, "आता ऐक. खतावणी वाटून करता येईल, कारण प्रत्येक खाते वेगळे. पण कीर्द कधीच वाटता येणार नाही. आजची आरंभीची शिल्लक म्हणजे कालची अखेरची शिल्लक. काल संपल्याशिवाय आज सुरू होत नाही."

तो म्हणाला, "आजोबा, तीसुद्धा वाटता येते."

मला ते पटेना. त्याने वही ओढली. आरंभीची शिल्लक १०,००० रुपये, वर्षात १,००० नोंदी, आणि चार मुनीम. प्रत्येकाला एकेक तिमाही दिली. आपल्या तिमाहीची सुरुवात शून्यापासून आहे असे समजून प्रत्येकाने ओळीओळीने शिल्लक मांडत जायचे. समजा, तिमाहीअखेर चौघांकडे अधिक ४,०००, वजा १,५००, अधिक २,००० आणि अधिक ५०० असे आकडे आले. आता एकाने फक्त हे आकडे क्रमाने मिळवायचे. म्हणजे तिमाहींच्या आरंभीच्या शिलका १०,०००, १४,०००, १२,५०० आणि १४,५०० अशा निघतात, आणि वर्षअखेर १५,०००. मग प्रत्येक मुनिमाने आपली आरंभीची शिल्लक आपल्या प्रत्येक ओळीत मिळवायची. कीर्द पूर्ण झाली, आणि प्रत्येक ओळीची शिल्लक बरोबर आली.

मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले. बेरजा जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या, हे खरे. पण हजार बेरजांचा वेळ लागण्याऐवजी आधी २५०, मग मधल्या दोनचार, मग पुन्हा २५०, म्हणजे निम्म्याच वेळात काम झाले. मुनीम अधिक असते तर वेळ आणखी घटला असता. या पद्धतीला संगणकशास्त्रात प्रीफिक्स सम म्हणतात आणि ग्राफिक्स चिपांवर ती सर्रास वापरली जाते. एम.कॉम. झालो, उभा जन्म हिशेबात गेला, आणि कीर्दीची ही घडी मला एका विशीतल्या मुलाने उलगडून दाखविली. जे काम मी अविभाज्य समजत होतो, ते तसे नव्हतेच. आम्ही ते तशा रीतीने मांडत आलो होतो, एवढेच.

सगळीच कामे अशी सुटत नाहीत. कर्जाच्या एखाद्या प्रकरणात पाहणीचा अहवाल आल्याशिवाय मंजुरी देता येत नाही, आणि मंजुरीशिवाय रक्कम देता येत नाही. पण काम अविभाज्य आहे असा शेरा मारण्याआधी ते दुसऱ्या रीतीने मांडून पाहिले पाहिजे.

प्रकरणाचा निकाल

पाचव्या दिवशी मी शेठजींकडे गेलो आणि प्रकरणाचे दोन भाग केले.

दुकानाच्या हिशेबाला ते कार्ड नको. दुकानातली नोंद कुणीतरी बोटांनी एकेक करून भरतो. यंत्राचा बहुतेक वेळ त्या बोटांची वाट पाहण्यात जातो, आणि उरलेला साठवणीतून आकडे आणण्यात. तेथे साधा संगणक पुरे. त्याला पुरेशी स्मृती आणि चांगली एसएसडी घ्यावी, आणि उरलेले पैसे व्यापारात ठेवावेत. पाचपट वेगाचे आश्वासन विक्रेत्याने कोणत्या कामाविषयी दिले, हे त्याला विचारायला हवे होते.

नातवाचे काम मात्र वेगळे आहे. केळीच्या पानांची हजारो छायाचित्रे यंत्राला दाखवून त्यावरील करपा ओळखायला शिकविण्याचा त्याचा प्रकल्प आहे. लक्षावधी ठिपके, एकच सूत्र, स्वतंत्र गणिते. हे तर ग्राफिक्स चिपेचेच काम. ते कार्ड त्याच्यासाठी हौसेची वस्तू नव्हे, कामाचे अवजार आहे. फक्त ही रक्कम दुकानाच्या यंत्रसामग्रीत दाखवू नये, शिक्षणाच्या खात्यावर लिहावी.

ज्यांच्या घरी असे दरपत्रक आले असेल, त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. आमचे काम स्वतंत्र तुकड्यांत वाटता येते का? वाटता न येणारा भाग किती? आणि तो भाग खरोखर तसा आहे, की आपण तो तसा मांडला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे व्यापारी मनुष्य स्वतः देऊ शकेल. तिसऱ्यासाठी घरातल्या तरुण मुलाला जवळ बसवून घ्यावे.

शेठजींनी दोन्ही शिफारशी मान्य केल्या. जाताना मी त्यांच्याकडून ते जुने दरपत्रक मागून घेतले. पाडव्याच्या दिवशी तोंडी दिलेला माझा शेरा त्यावर लिहिला, तो रेघ मारून रद्द केला, आणि बँकेच्या शिस्तीप्रमाणे खाली तारीख घालून सही केली. तो कागद नातवाने आपल्या वहीत ठेवला आहे.